माझी डावी टाच आणि दारातला हंडा

ज्यांच्या पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही आणि जे विचारणाऱ्याला "काही नाही हो, जरा खरचटलंय" असं सांगून पुढे सटकतात, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. मीही तेच सांगत होतो. वर्षभर सांगत होतो, आणि इतक्या बहारीने सांगत होतो की शेवटी मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. जखमेचा मात्र माझ्या बोलण्यावर विश्वास बसला नाही.

मी बदलापूरजवळच्या बेलवलीचा. नाव दामोदर, धंदा शिंपीकामाचा. दुकान अंबरनाथला. दुकान म्हणजे एक फळी, एक पायमशीन, एक तडा गेलेला आरसा आणि मी. सदरे, पोलकी, शाळेच्या चड्ड्या शिवतोच, पण आसपासच्या गावांतल्या नाटकांचे राजेही माझ्याच हातून निघतात. एका जुन्या मखमली पडद्यातून मी तीन राजे आणि एक प्रधान काढला आहे. आयत्या वेळी राजा तापाने पडला तर झगा मलाच घालावा लागतो, कारण तो माझ्याच मापाने बेतलेला असतो. हा योगायोग दर वर्षी कसा घडतो, हे मंडळींना अजून कळलेलं नाही.

राब

आमच्याकडे भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची, तो तुकडा उन्हाळ्यात भाजून घेतात. खाली शेण, त्यावर पालापाचोळा आणि गवत, वर मातीचा थर, आणि मग काडी लावायची. यालाच राब भाजणं म्हणतात. भाजून झालेला राब वरून राखाडी आणि मऊ दिसतो, निजलेल्या मांजरासारखा.

मी नऊ वर्षांचा होतो. राबाच्या पलीकडे बांधावर पाण्याचा गडू राहिला होता. आई म्हणाली, "इझला रं आता. जा, गडू घेऊन ये."

बांधावरून वळसा घालून जायचं, हे मला माहीत होतं. पण सरळ रेघेत जाणं मला आवडायचं, अजूनही आवडतं. मधोमध पोचलो तेव्हा डावा पाय घोट्यापर्यंत आत गेला. मांजर निजलेलं नव्हतं.

आई कशी धावली ते मला आठवत नाही. तिने मला काखोटीला मारलं, घरापर्यंत पळवलं आणि दारात पाय धुण्यासाठी ठेवलेल्या तांब्याच्या हंड्यात माझा पाय बुडवून धरला, एवढं आठवतं. सगळे सांगतात की त्या हंड्याने माझा पाय वाचवला. जखम चार महिन्यांनी भरली. तळव्यावर आणि टाचेवर जी कातडी आली, ती चकचकीत, ताणलेली आणि मुकी. टोचलं, चिमटलं, काही कळत नसे. आई मधूनमधून टाच दाबून विचारायची, "कळतं का रं?"

मी म्हणायचो, "नाही."

ती "बरं" म्हणायची आणि उठून जायची. हे तीस वर्षं चाललं. दर वेळी ती "बरं" असं म्हणायची, की जणू मीच तिला काहीतरी परत द्यायचं विसरलो होतो.

अशा पायाने चिखलात उभं राहून लावणी होईना, म्हणून बापाने मला कल्याणला एका शिंप्याकडे धाडलं. तेव्हा माझा धंदा त्या राबातूनच उगवला म्हणायचा.

मशीनला रक्त

मशीनचं पायडल लोखंडी. त्यावर दिवसभर टाच दाबायची. मुक्या टाचेला त्याचं काय सुखदुःख? एक दिवस एक गिऱ्हाईक खाली बघत म्हणालं, "मास्तर, तुमच्या मशीनला रक्त आलंय."

टाचेवर चीर होती, काजाएवढी. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, हा माझा हिशेब. हळद लावली, कुणी सांगितलेला पाला लावला, कुणी दिलेलं काळं मलम लावलं. चीर काजाची रुपयाएवढी झाली. मी पुढच्या नाटकाचा प्रधान शिवत राहिलो.

मग कुजबुज सुरू झाली. मुका पाय आणि न भरणारी जखम म्हटली की लोकांना एकच रोग आठवतो, महारोग. कुणी तोंडावर बोललं नाही. एका बाईने पोलक्याचं कापड न शिवताच परत नेलं, आणि जाताना मशीनपासून हातभर लांबून गेली. त्या संध्याकाळी बायको, यशोदा, विहिरीवरून रिकामी घागर घेऊन परत आली. तिथे तिने काय ऐकलं ते सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "उद्या कॅम्पातल्या डॉक्टरकडं जायाचं. आन्‌ तिथं नाटक नाय करायचं."

कोंबडीचं पीस

फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो माणसं कल्याणजवळच्या लष्करी बराकींमध्ये राहायला आली. त्या वस्तीला पुढे उल्हासनगर नाव पडलं, पण आमच्या तोंडी ती कॅम्पच. तिथल्या एका बराकीत डॉक्टर केवलराम बसत. येताना सगळं सोडलं पण हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन आलो, असं ते सांगत. दवाखान्यात गोणपाटाचा पडदा, एक बाक आणि टेबलावर कोंबडीचं एक पीस.

त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले. "जहाँ लगे, वहाँ हाँ बोलना."

ते पिसाने पायावर लिहीत गेले. मी कुठे "हाँ" म्हणालो, कुठे गप्प राहिलो. मग टाचणीने तेच. जिथे गप्प राहिलो तिथे ते निळ्या पेन्सिलीने खूण करत होते. डोळे मिटून बसलेल्या माणसाला आपला संसार फार स्पष्ट दिसतो. मला दुकानाची फळी दिसत होती आणि तिच्यावर दुसरंच कुणीतरी बसलेलं.

"आँखें खोलो. देखो, नक्शा."

निळी रेघ बरोबर जुन्या भाजल्याच्या कडेने फिरली होती. रेघेच्या बाहेर सगळं जागं, आत सगळं झोपलेलं.

"ये बचपन का जला हुआ है, बस. वो बीमारी नहीं है," डॉक्टर यशोदाकडे बघून म्हणाले. "और होती, तो उसकी भी दवा है आजकल. आदमी को घर से निकालने वाली बात नहीं होती। समझीं?"

यशोदा बाकावर बसली. हसली. मग पदर तोंडाला लावला. नंतर तिने त्यांच्याकडे प्यायला पाणी मागितलं, आणि ते पिऊन मला म्हणाली, "मी तर आधीच सांगत होते." काय सांगत होती, ते विचारायची ती वेळ नव्हती.

माझी लघवीही त्यांनी नळीत घालून दिव्यावर उकळली. साखर निघाली नाही. आपल्या अंगातलं काही असं मन लावून शिजवलं जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

औषध काय दिलं ते सांगत बसत नाही. त्यांचं मुख्य औषध दोन शब्दांचं होतं. आराम आणि सूखा. पायावर भार नको, आणि जखमेला पाण्याचा थेंब नको. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पट्टी बदलायला यायचं.

मंगळवार, शुक्रवार

आता माझी आज्ञाधारकता ऐका. न्हाणीत मी डावा पाय भिंतीतल्या खुंटीच्या उंचीवर धरायचो, यशोदा तो दोन्ही हातांनी तोलायची, आणि मी एका पायावर उभा राहून अंगावर पाणी घ्यायचो. एकदा दोघेही घसरून पडलो, पण पाय वरच होता. मशीन यशोदा चालवायला लागली. आठ दिवसांत ती माझ्यापेक्षा सरळ शिलाई मारू लागली, आणि गिऱ्हाइकं "बाई आहेत का?" असं विचारत यायला लागली. मी बसून कापायचो आणि पडेल चेहऱ्याने कौतुक करायचो.

कॅम्पापर्यंत टांग्याने जायचं, बाकावर नंबर लावायचा. त्या बाकावर बसून मी सिंधी भाषेतले खोकल्याचे पाच शब्द शिकलो. वाटलं, हे आजारपण बरं आहे.

फक्त जखम भरेना.

दर वेळी डॉक्टर पट्टी सोडत आणि त्यांच्या कपाळाला आठी पडे. पट्टी ओली. आतली कातडी पांढरी, भिजलेल्या कागदासारखी.

"पानी में पैर डालते हो?"

"नाही."

"नहाते वक्त?"

मी खुंटीचा प्रयोग करून दाखवला. बाकावरच्या बायका हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. पाणी लागत नसेल तर हा ओलावा आतून येतोय, असं त्यांचं म्हणणं. आतून इतका येतोय म्हणजे हाडापर्यंत बिघडलं असावं.

यशोदाला वाटे मी चोरून चालतो. "खरं सांगा, काल शिवमंदिरापर्यंत गेलावता ना?" मी शपथा घ्यायचो. माझ्या शपथांना नाटकाचा वास येतो हे मलाही माहीत आहे, पण त्या खऱ्या होत्या. आम्ही चौदा वर्षांच्या संसारात भांडलो नव्हतो तेवढं त्या दोन महिन्यांत भांडलो, आणि तेही मशीनच्या खडखडाटात, म्हणजे ओरडून.

एका शुक्रवारी डॉक्टरांनी यशोदाला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं, "दामोदर भाई, एक महीना और देखूँगा। नहीं भरा तो बंबई के बड़े अस्पताल भेजना पड़ेगा। एड़ी काटेंगे। शायद पूरा पंजा."

मी काहीतरी विनोद केला. कोणता ते आठवत नाही, म्हणजे वाईटच असणार.

दुकानात परत आल्यावर यशोदा चहा सांगायला गेली, तेव्हा मी टेप काढला आणि माझ्या डाव्या पायाचं माप घेतलं. टाचेपासून अंगठ्यापर्यंत, मग घोट्याचा घेर. का घेतलं ते विचारू नका. घाबरल्यावर माणसाला जे येतं ते तो करतो, आणि मला माप घेता येतं.

पापड आणि पाणी

पुढच्या मंगळवारी दवाखाना बंद राहणार होता, म्हणून डॉक्टर म्हणाले, रविवारी दुपारी घरी या, पट्टीही बदलू आणि जेवणही करू. त्यांचं घर म्हणजे दवाखान्यामागच्याच बराकीतल्या दोन खोल्या. दारात रिकाम्या डब्यांतून मोगरा लावलेला, शेजारी पाण्याने भरलेली बालदी आणि तिच्यावर डबडं. आत त्यांची आई, सगळे तिला अमां म्हणत, पाटावर पापड भाजत बसली होती. त्यांच्याकडे पाहुणा आला की आधी पापड आणि पाणी देतात.

मी वहाण काढली, डबडं भरलं आणि उजव्या पायावर ओतलं. दुसरं भरलं आणि डाव्या पायावर, पट्टीवरूनच, ओतलं. मग आत पाऊल टाकलं.

अमां चिमटा हातात घेऊनच उभी राहिली. सिंधीत काहीतरी मोठ्याने म्हणाली. डॉक्टर आतून आले. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, जमिनीवर पडलेल्या ओल्या पावलांकडे पाहिलं.

"ये क्या किया आपने?"

"काय केलं?"

"पैर पे पानी डाला."

"छे, छे. पाय धुतले फक्त."

डॉक्टर दारातच खाली बसले. "घर में भी ऐसे धोते हो?"

"म्हणजे काय. न धुता घरात कोण जाईल?"

"दिन में कितनी बार?"

मी आठवून सांगितलं. सकाळी परसातून आलो की. दुकानात गादीवर बसण्याआधी, कारण मशीनला नमस्कार करायचा असतो. जेवायच्या आधी. संध्याकाळी घरी गेलो की, तेव्हा तर आई स्वतः हंड्यातून तांब्या भरून घालते, आजारी म्हणून दोन तांबे जास्त. असे पाच-सहा वेळा. मुकी टाच ओली झाली काय, कोरडी राहिली काय, मला कुठून कळणार?

"दो महीने से मैं पूछ रहा हूँ, पानी लगता है क्या," डॉक्टर हळूच म्हणाले. "आप रोज़ बोलते हो, नहीं."

मला यशोदाकडे बघायचं धाडस झालं नाही. पण ती माझ्याइतकीच गोंधळलेली होती. तिच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. आम्हां दोघांच्या लेखी आंघोळ म्हणजे पाणी, ओढा म्हणजे पाणी. पाय धुणं म्हणजे घरात येणं.

डॉक्टर हसायला लागले. मग यशोदा हसली, अमांला सिंधीत सांगितल्यावर तीही हसली, आणि पापड करपला. सडलेल्या हाडाच्या जागी ओल्या पट्टीचा शोध लागला, याइतका आनंद मला आयुष्यात दुसऱ्या कशाने झालेला नाही. मी करपलेला पापडसुद्धा खाल्ला आणि आणखी एक मागितला.

"अब मैं आपका भरोसा नहीं करूँगा," डॉक्टर म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये बंद करून टाकला.

उंबरा

टांग्यातून उतरलो तेव्हा आई दारात तांब्या भरून उभी होती. ती तेव्हा सत्तरीची, पण हंड्याचं खातं तिने कुणाकडे दिलं नव्हतं.

"आये, ह्या पायाला पाणी लावायचं नाय. डॉक्टरनं सांगितलंय."

तिने पांढऱ्या पायाला खालून वर बघून घेतलं. "मंग आत कसा येशील?"

खरोखरच पेच होता. शेजारी गोळा झाले. एकाने सुचवलं, मागच्या दाराने न्या. आई म्हणाली, मागचं दारपण घराचंच हाय. मी दरबारात उभं राहावं तसा काठी टेकून उभा होतो. शेवटी आईनेच निकाल दिला. उजवा पाय दोनदा धुवायचा. एकदा त्याचा, एकदा डाव्याच्या वाटचा.

तिने उजव्यावर पहिला तांब्या घातला. दुसरा घालत असताना यशोदा भाबडेपणाने बोलून गेली, "रोजच्या ह्या पाण्यानंच चिघळत होता म्हणे."

पाणी मधेच थांबलं. आईने तांब्या सरळ केला. उरलेलं पाणी हंड्यात परत ओतलं आणि आत गेली. मी मागून बरंच बोललो. म्हणालो, माझंच चुकलं, मीच डॉक्टरांना सांगितलं नाही. ती चुलीपुढे बसून म्हणाली, "तवा पण मीच सांगितलं हुतं, इझला म्हणून."

तीस वर्षांत ती पहिल्यांदाच हे बोलली.

दुसऱ्या दिवशी दारातला हंडा पालथा होता. आमच्या सारवलेल्या ओटीवर पहिल्यांदाच मातीच्या पावलांचे ठसे दिसू लागले. कुणी तिला विचारलं नाही. मी प्लास्टरवर मुकुट काढून दाखवला, प्लास्टरच्या पायाला राजा करून त्याच्या तोंडी भाषणं घातली. घरातली सगळी हसायची. आई हसायची, पण हंडा सरळ करायची नाही. मला त्या दिवसांत पायापेक्षा त्या हंड्याची काळजी जास्त होती, आणि हे मी यशोदालाही सांगितलं नव्हतं.

गुदगुल्या

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी प्लास्टर उघडून पुन्हा नवं घातलं. आणखी तीन आठवड्यांनी तेही कापलं. कवच बाजूला झालं, आणि टाचेवर रुपयाच्या जागी गुलाबी, कोरडी, शहाण्यासारखी बसलेली कातडी. यशोदाने चष्मेवाल्यासारखं वाकून पाहिलं. अमांने मिठाईचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला.

डॉक्टरांनी मग जे सांगितलं ते मी इथे मुद्दाम लिहितो, कारण माझ्यासारखा पाय असणाऱ्याला तेच हवं आहे. धुवायला हरकत नाही, पण धुतल्यावर लगेच टिपून कोरडा करायचा, बोटांच्या बेचक्यांसकट. रोज आरसा धरून तळवा बघायचा, कारण मुका पाय स्वतःहून काही सांगणार नाही. मऊ तळाची वहाण घालायची. पायडलला गादी लावायची. (ती मी लावली, पण मशीन यशोदाने परत दिलं नाही. आता दुकानात दोन मशीनं आहेत.) आणि डॉक्टर विचारतील त्याचं उत्तर देण्याआधी आपला सगळा दिवस डोळ्यांसमोर आणायचा.

घरी आलो. आई दारात होती. मी पालथा हंडा उचलून सरळ ठेवला आणि यशोदाने विहिरीवरून आणलेली घागर त्यात ओतली.

"आये, पाणी घाल."

"नाय."

"डॉक्टरनं सांगितलंय. धुवायचा आणि पुसायचा."

"खोटं."

"यशोदेला विचार."

यशोदाचं तोंड कधी नाटक करत नाही, हे आईला ठाऊक होतं. तिने तांब्या घेतला. आधी उजव्यावर घातलं. मग डाव्यावर, अगदी थोडं, जणू पाणी महाग होतं. मग ती खाली बसली. माझी टाच मांडीवर घेतली आणि पदराने पुसायला लागली. बेचक्या पुसल्या, घोटा पुसला, गुलाबी जागा तर श्वास रोखून पुसली. मग तिथेच अंगठा हलकेच टेकवून तिने विचारलं, "कळतं का रं?"

मला काही कळत नव्हतं. तिचा अंगठा दिसत होता तेवढाच.

मी पाय एकदम मागे ओढला, भिंतीला धरलं आणि म्हणालो, "सोड आये, गुदगुल्या होतायत." आणि अंग वेडंवाकडं करून हसत सुटलो. आजवर मी जेवढे राजे केले, त्यांतला एकही इतका जमला नव्हता.

आईने वर बघितलं. बराच वेळ माझं तोंड वाचलं. मग ती पाय सोडून उठली, पदर झटकला, आणि हसू लपवायला आत वळत म्हणाली, "नाटक्या हायस. चल, भाकरी गार होती."

ती आत गेल्यावर मी उंबरा ओलांडला. दोन्ही पावलं कोरडी होती.